प्लॉट अकराचा पलीकडचा

१

टेपमास्तरांना आयुष्यात दोनच गोष्टी नीट जमल्या. झाडाचा घेर मोजणं आणि मोजलेला आकडा आहे तसा लिहिणं. पहिली गोष्ट कोणालाही आठवड्याभरात शिकवता येते. दुसरी वनखात्यात फारशी प्रचलित नव्हती, त्यामुळे तिच्याकडे लोक थोडं कौतुकानं आणि बरंचसं संशयानं बघत.

काम तसं सोपं होतं. डोंगराच्या उतारावर एक हेक्टरचा तुकडा, कागदोपत्री नाव ‘नमुना प्लॉट नंबर अकरा’. त्यात दोनशे बारा झाडं. प्रत्येकाच्या खोडाला नंबराचा बिल्ला आणि छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा. वर्षातून एकदा, पानगळ संपली की दोघांनी जायचं आणि त्या पट्ट्यावर प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा. असे चाळीस प्लॉट होते. त्यांच्या आकड्यांवरून मुख्य कचेरीत ठरे, की कुठलं जंगल विरळ करायचं, कुठल्याला हात लावायचा नाही, आणि दरवर्षी चढत चाललेला उन्हाळा कोणत्या झाडाला सोसतोय, कोणत्याला नाही.

मोजायची पद्धत ठरलेली होती. मोजणारा चढाच्या बाजूला उभा राहतो आणि टेपेचं टोक खोडाभोवती फेकतो. उताराच्या बाजूला दुसरा माणूस असतो, त्याला सगळे ‘पलीकडचा’ म्हणत. तो टोक झेलतो, टेपेचा पीळ काढतो, ती पट्ट्यावर आडवी बसवतो, ‘सरळ!’ असं ओरडतो आणि टोक दुसऱ्या बाजूनं मोजणाऱ्याच्या हातात देतो. मोजणारा आकडा वाचतो. रजिस्टरात नाव मोजणाऱ्याचं लागतं, पलीकडच्याचं लागत नाही. जगाची रीत खात्यालाही लागू होती.

एकोणतीस वर्षं मास्तर अलीकडे आणि दादा पलीकडे असा संसार चालला. गेल्या वर्षी दादांनी गुडघ्यांचं कारण सांगून मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मास्तरांचे आठ महिने उरले होते. तेवढ्यात मुख्य कचेरीतून तपासनीस मॅडम आल्या.

“बाकी एकोणचाळीस प्लॉटांत झाडं खंगतायत,” त्या म्हणाल्या. “शेंडे वाळतात, साल फुटते. तुमची दोनशे बारा मात्र मजेत आहेत.”

“मग अभिनंदन करायला आलात?”

“नाही काका. बघायला आलेय.”

२

डोंगराच्या माथ्यावर खात्याची चौकी होती. तिथपर्यंत जीप जाई, पुढे पायवाटेनं उतरायचं. पंचविसाव्या मिनिटाला दोघं प्लॉटवर पोचले. दादा नव्हते, म्हणून मॅडम स्वतः पलीकडे उभ्या राहिल्या. हाताला काम नवीन होतं, पण विसाव्या झाडापर्यंत त्यांची टेप मास्तरांना नाव ठेवता येणार नाही अशी आडवी येऊ लागली. आकडे जुन्या रजिस्टराशी सुतासारखे जुळले. मागच्या वर्षीपेक्षा एकेका झाडाची दोन-तीन मिलिमीटर वाढ, जशी असायला हवी तशी.

“काम सुंदर आहे हो तुमचं,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून जीपीएस काढलं. ते बंद करून पुन्हा चालू केलं. दहा पावलं जाऊन पुन्हा पाहिलं.

“काका, हा प्लॉट अकरा नाही.”

“मग काय बारा आहे?”

“पहिल्या वर्षीच्या नकाशात प्लॉटची जागा लिहिलीय. ती इथून सव्वा किलोमीटर खाली आहे.”

मास्तर त्यांना कोपऱ्यातल्या दगडापाशी घेऊन गेले. चौकोनी, अर्धा जमिनीत रुतलेला, वर कोरलेला अकराचा आकडा. प्रत्येक झाडाचं अंतर या दगडापासून घेतलेलं. “हा सात जणांनी बसवलाय. त्यातला एक मी.”

“मग सात जणांनी हलवलाही असेल.”

“आणि झाडं?”

“झाडं हलत नाहीत, म्हणूनच म्हणते की ही ती झाडं नाहीत.” मॅडमचा आवाज चढला नाही, उलट थोडा उतरलाच. “उष्णता वाढली की जंगल वर सरकतं, हे खरं आहे. पण बियांनी सरकतं. वर रोपं जगतात, खाली म्हातारी झाडं मरतात, त्याला शंभर-दोनशे वर्षं लागतात. एखादं झाड उन्हाचा ताप होतो म्हणून उठून सावलीत जाऊन बसत नाही, काका.”

कुंपणानंच शेत खाल्लं असा आरोप होता, आणि तो नेमका ज्यानं कधी दाणाही उचलला नाही त्या कुंपणावर. मास्तरांनी त्या दगडाला बुटाच्या टोकानं हलकेच ढकलून पाहिलं. दगड हलला नाही. त्यांना त्याचा थोडा राग आला.

३

साहेबांनी खुर्ची दिली, तेव्हाच मास्तरांच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

“अहो, हे सगळीकडे होतं,” साहेब म्हणाले. “उतार मोठा, ऊन फार. एवढं खाली दरवर्षी कोण जाणार? चौकीजवळची बरी झाडं बघायची आणि तिथंच प्लॉट आखायचा. दोन ओळी लिहून द्या, सोयीसाठी जागा बदलली म्हणून. ताकीद मिळेल, विषय संपेल.”

“पण मी तसं केलं नाही.”

“म्हणून तर अवघड झालंय! केलं असतंत तर एव्हाना सही करून घरी गेला असतात.”

सही नाही केली तर चौकशी, आणि केली तरी एकोणतीस रजिस्टरांवर ‘अविश्वसनीय’ असा शिक्का. मास्तरांना ताकिदीची भीती नव्हती. एकोणतीस वर्षांत त्यांनी दुसरं काहीच कमावलं नव्हतं. फक्त त्यांनी वाचलेला आकडा कोणी पुन्हा मोजून पाहत नसे, एवढीच त्यांची मिळकत. आता तीच जाणार होती.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही खोटं लिहिलंत? माझी आई कशी वाटली विचारलं, तर पहिल्याच भेटीत ‘जाड’ म्हणालेला माणूस तुम्ही!”

“विचारलं म्हणून सांगितलं.”

“अंदाजे घेरही सांगितला होतात.”

मास्तर हसले नाहीत. ते कपाटातून स्वतःच्या जुन्या वह्या काढत होते. रजिस्टरात नसलेल्या दोन वेळा ते वहीत लिहून ठेवत: चौकी सोडली ती आणि प्लॉटवर पोचलो ती. कोणी सांगितलेलं नव्हतं, एक खोड. पहिल्या वर्षी पोचायला लागले होते एक तास पाच मिनिटं. पाचव्या वर्षी अठ्ठावन्न. मग पन्नास, चव्वेचाळीस, छत्तीस. दरवर्षी थोडं थोडं कमी, आणि शेवटी पंचवीस.

त्यांनी कारणं शोधली. पायाखालची वाट आखूड वाटते. घड्याळ पुढे असेल. बूट चांगले मिळाले असतील.

बूट त्यांनी तीनदाच बदलले होते. आणि वय काही कोणाला वेगानं उतरायला शिकवत नाही.

४

दादा लाकूड डेपोमागच्या चाळीत राहत. मास्तर आले तेव्हा ते दारातल्या स्टुलावर उभं राहून दिव्याचा होल्डर बदलत होते. मास्तरांना पाहताच टुणकन खाली उतरले.

“गुडघे?” मास्तरांनी विचारलं.

“गुडघ्यांना काय झालंय?” दादा बोलून गेले आणि मग ओशाळले. “बस. चहा टाकतो.”

मास्तरांनी वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या. दादा पातेल्याकडे बघत ऐकत होते.

“मला वाट आखूड झालेली कळत होती,” ते म्हणाले. “वाटलं, देवाची कृपा आहे. कृपेची चौकशी करू नये.”

“मग नोकरी का सोडलीस?”

“मास्तर, तू कायम चढाच्या बाजूला. तुझ्या पुढ्यात खोड आणि खोडावर टेप. माझी पाठ खोडाला. टेप हातातून गेली, की तू आकडा वाचून लिहीपर्यंत मला दुसरं काम नाही. मी काय बघायचो? खालचा उतार.”

“काय दिसायचं?”

“सत्तावीस वर्षं काहीच नाही. मोकळा उतार. मला ते विचित्रही वाटलं नाही, आता वाटतं. एवढ्या जंगलाखाली एवढी मोकळी जागा कशी?” त्यांनी चहा गाळला. “मग दोन वर्षांपूर्वी अगदी खाली काळी रेघ दिसली. गेल्या वर्षी ती रेघ नव्हती, झाडं होती. मोजता आली असती, इतकी.”

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? जंगलात झाडं दिसली म्हणून?” दादांनी कप पुढे केला. “तुझ्याबरोबर परत नाही यायचो मी. पण तू बघून ये, कारण तू बघितल्याशिवाय राहणार नाहीस. आणि एक सांगतो, पलीकडे उभा राहू नकोस.”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मास्तर मॅडमच्या टेबलापाशी उभे राहिले. “अहवाल पाठवण्याआधी मूळ जागा तरी बघाल की नाही? जिथे प्लॉट नाही म्हणता, तिथे काय आहे?”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “मी कालपासून तोच विचार करतेय,” त्या म्हणाल्या. संशय आणि उत्सुकता यांचं शेत एकच असतं, पीक वेगळं.

पायवाट प्लॉटपाशी संपली. त्याखाली वाट नव्हती, कोणी कधी गेल्याची खूणही नव्हती. झुडुपं नव्हती. तोडलेल्या झाडाचा बुंधा नव्हता, उपटलेल्याचा खड्डा नव्हता. माती मात्र सैल होती, गादीसारखी पायाखाली दबणारी, आणि तिच्यावर बारीक रेघा होत्या. फणी फिरवल्यासारख्या, सगळ्या खालून वर गेलेल्या.

“पाण्याचे ओघळ?” मास्तरांनी विचारलं.

“पाणी वरून खाली येतं,” मॅडम म्हणाल्या आणि गुडघ्यांवर बसून माती चिमटीत घेऊन बघू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नवीन खेळणं मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो. मास्तरांना बाई आवडायला लागल्या.

पाचशे मीटर खाली मास्तरांचा बूट कशाला तरी लागला. त्यांनी माती बाजूला केली. ॲल्युमिनियमचा बिल्ला होता. नंबर एकशे अठरा.

मास्तरांनी पिशवीतून वही काढली, पानं चाळली आणि न बोलता मॅडमपुढे धरली. अकरा वर्षांपूर्वीची नोंद: ‘झाड ११८. बिल्ला गळून पडला. आजूबाजूला सापडला नाही. नवा ठोकला.’

“कोणीतरी आणून टाकला असेल,” मॅडम म्हणाल्या.

“असेल.”

“अकरा वर्षांपूर्वी हे झाड इथं...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. बिल्ला पुसला, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. मग बराच वेळ वरच्या झाडांकडे बघत राहिल्या. “तुम्ही खरं बोलत होतात, काका. कसं ते मला कळत नाहीये. पण तुमचे आकडे खरे आहेत.”

मास्तरांच्या छातीवरून दगड उतरला. अकराचा आकडा कोरलेला, सात जणांनी बसवलेला. तिथूनच परत फिरले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण सुटलेल्या गणिताचीसुद्धा पडताळणी करणारा माणूस तो. मॅडमही तसल्याच. दोघं खाली उतरत राहिले.

६

आधी आवाज गेला. पक्षी कधी थांबले ते कळलं नाही, पण आपल्याच बुटांचा आवाज मोठा झालाय, एवढं मास्तरांच्या लक्षात आलं. मग झाडं लागली.

काळ्या सालीची, सरळसोट, मास्तरांनी उभ्या नोकरीत न पाहिलेल्या जातीची. “खालच्या गरम प्रदेशातून वर आलेली असतील,” मॅडम पुटपुटल्या. “आपली झाडं वर गेली, जागा मोकळी झाली, ही आली. तत्त्व बरोबर आहे. वेग फक्त...” त्यांनी जीपीएस पाहिलं. मूळ जागा हीच होती.

मास्तर नकाशा न काढताच उभे होते. एकोणतीस वर्षं ज्या तुकड्यात घालवली, त्याची मांडणी त्यांना पाठ होती. कोपऱ्यात तीन झाडांचा त्रिकोण, मग एक मोकळी जागा, मग दोन जुळी. इथे तसाच त्रिकोण होता, तशीच मोकळी जागा, तशीच जुळी. एखाद्या घरातले भाडेकरू गेल्यावर दुसऱ्यांनी येऊन पलंगाच्या जागी पलंग आणि कपाटाच्या जागी कपाट ठेवावं, तसं.

आणि प्रत्येक खोडावर एक पट्टा होता. रंगवलेला नव्हे, घासून घासून साल गुळगुळीत झालेला. मास्तरांनी हात वर केला. टाचा उचलल्या, तेव्हा कुठे बोटांची टोकं तिथे लागली.

“छातीची उंची,” ते म्हणाले.

“काय म्हणालात?”

“काही नाही. मोजून बघू या का एक?”

मास्तर सवयीनं चढाच्या बाजूला गेले. पट्ट्यापर्यंत हात पोचणार नव्हता, म्हणून नियमानं आपल्याच छातीच्या उंचीवर मोजायचं ठरवलं. त्यांनी टेपेचं टोक खोडाभोवती फेकलं. ते झेललं गेलं. टेप ताणली गेली, पण तिरकी, वर चढत गेलेली.

“जरा खाली घ्या,” मास्तर म्हणाले.

टेप खाली आली.

“अजून दोन बोटं.”

अजून दोन बोटं आली. पीळ निघाला. टेप खोडावर अशी आडवी बसली, की दादांनासुद्धा इतकी साफ कधी बसवता आली नव्हती. टोक दुसऱ्या बाजूनं त्यांच्या हातात आलं. पोलाद कोमट होतं. सावलीतली टेप कोमट कशी, असा एक विचार मास्तरांच्या मनात आला आणि आकडा वाचण्याच्या नादात निघून गेला.

“एकशे त्रेचाळीस पूर्णांक दोन,” त्यांनी सांगितलं. “लिहिलंत?”

“लिहिलं,” मॅडम त्यांच्या पाठीमागून म्हणाल्या. वही-पेन घेऊन त्या चार पावलं वरच्या अंगाला उभ्या होत्या. “पण काका, तुम्ही मघापासून कोणाशी बोलताय?”

मास्तरांनी टेप हळूच सोडली. ती जमिनीवर पडली नाही. थोडा वेळ तशीच खोडाला लागून राहिली आणि मग, कोणीतरी नाइलाजानं द्यावी तशी, सरकत परत आली.

७

चौकीत आल्यावर मॅडम दोन पेले पाणी प्यायल्या आणि ताबडतोब लिहायला बसल्या.

“काय लिहिताय?”

“तुमचे आकडे खरे आहेत हे. बिल्ल्याचा पुरावा जोडते. दोन्ही जागी दरवर्षी मोजणी व्हावी, अशी शिफारस करते.”

“ते लिहू नका.”

“काका, तुमच्या एकोणतीस वर्षांचा प्रश्न आहे!”

“दरवर्षी मोजणी म्हणजे दरवर्षी दोन माणसं. दोनशे बारा वेळा टेप फेकणार. एक वर्ष, दोन वर्षं काही होणार नाही. पण कधीतरी कोणीतरी खोडाला वळसा घालून बघणारच, कोण इतकी छान टेप धरतंय म्हणून.”

मॅडम पेन धरून बसल्या. “मलाही बघायचं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “मी एक पाऊल टाकलंही होतं.”

“मलाही. म्हणून सांगतो. आपल्यासारखी माणसं खात्यात दरवर्षी भरती होतात.”

“ते काय असेल, काका?”

“माहीत नाही. पण त्याला आपलं काम येतं.” मास्तरांनी टेप पिशवीत टाकली. “आणि आवडतं, असं वाटलं.”

मॅडमनी लिहिलेल्या कागदाची घडी केली आणि बिल्ल्यासोबत खिशात ठेवून दिली.

संध्याकाळी त्यांनी साहेबांच्या टेबलावर दोन ओळी लिहून दिल्या: चौकीपासून अंतर फार असल्याने, सोयीसाठी प्लॉट वरच्या बाजूस आखला. मूळ जागी प्लॉट कधीच नव्हता. आयुष्यात लिहिलेलं पहिलं खोटं, तेही एकटाकी, खाडाखोड न करता. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. “बघा, इतकं सोपं होतं.”

प्लॉट बंद होईल, मूळ जागेकडे कोणी फिरकणार नाही, असा मास्तरांचा हिशेब होता. त्यांनी झाडांचा हिशेब आयुष्यभर बरोबर केला होता. कचेरीचा कधीच जमला नव्हता.

८

तीन आठवड्यांनी परिपत्रक आलं. मॅडम तोवर दुसऱ्या प्लॉटांच्या तपासणीसाठी लांब गेल्या होत्या. ‘मूळ जागी प्लॉट कधीच आखला गेला नसल्याचे संबंधितांनी मान्य केले आहे. सबब तो आता मूळ जागी आखण्यात यावा.’ मोजणीला नवा मोजणीदार, दगड बसवायला चार मजूर. पलीकडचा म्हणून कोणालाही घ्यावं.

मास्तर धावतच साहेबांकडे गेले. “ते कबुलीपत्र खोटं आहे, साहेब. प्लॉट खरा होता. खाली माणसं पाठवू नका.”

“मास्तर,” साहेब शांतपणे म्हणाले, “आधी म्हणालात खोटं बोललो नाही. मग म्हणालात बोललो. आता म्हणता, बोललो म्हणालो ते खोटं. यातलं कुठलं खरं धरून आम्ही चालायचं?”

ज्या शब्दाच्या जोरावर मास्तर हा प्रश्न सोडवू शकले असते, तो त्यांनी स्वतःच त्या दोन ओळींत खर्च केला होता.

“मग पलीकडचा म्हणून मला पाठवा,” ते म्हणाले.

नवा मोजणीदार बोलका होता. वाटेत त्यानं मास्तरांना तीनदा सांगितलं, की झालं गेलं विसरून जा, चुका माणसाकडूनच होतात. मजूर दगड बांबूला बांधून घेऊन येत होते आणि दर शंभर पावलांना दगडाच्या आईबापांचा उद्धार करत होते. जीपीएस मूळ जागा दाखवायच्या बरंच आधी काळी झाडं लागली. तीन आठवड्यांपूर्वी ती इतकी वर नव्हती. मास्तरांनी ते कोणाला सांगितलं नाही. सांगून विश्वास कोण ठेवणार होतं?

“चला, एक मोजून हात साफ करू,” नवा मोजणीदार म्हणाला आणि पहिल्या झाडाच्या चढाच्या बाजूला उभा राहिला. “जा की पलीकडे!”

मास्तर खोडाला वळसा घालून गेले. तिथे कोणी नव्हतं. माती मात्र दाबून घट्ट झालेली होती, खूप दिवस कोणी एकाच जागी उभं राहिल्यासारखी. ते त्याच जागी उभे राहिले. समोर काळ्या झाडांच्या रांगा उतरत गेल्या होत्या, नजर पोचेपर्यंत, आणि प्रत्येक खोडावर तोच घासलेला पट्टा होता. हे सगळं एवढ्या मेहनतीनं मोजून काय करत असतील, हा प्रश्न अशा वेळीही मास्तरांना पडला.

टेपेचं टोक आलं. त्यांनी झेललं, पीळ काढला, तळव्यानं टेप आडवी बसवली, टोक दुसऱ्या बाजूनं दिलं.

“सरळ!” ते ओरडले.

खालच्या झाडामागून कोणीतरी म्हणालं, सरळ. त्याच्या खालच्या झाडामागूनही. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. न ओरडता, कामात असलेल्या माणसाच्या आवाजात, रांगेरांगेनं ते खाली उतरत गेलं आणि ऐकू येईनासं झालं.

“काय आवाज घुमतो हो इथे!” मोजणीदार अलीकडून हसत म्हणाला.

खरं सांगायला आता वेळ नव्हता आणि सोयही नव्हती. मास्तरांनी आयुष्यातलं दुसरं खोटं बोलायचं ठरवलं.

“अस्वल!” ते किंचाळले. “खाली अस्वल आहे! टेप टाका आणि पळा!”

यावर मात्र सगळ्यांनी तत्काळ विश्वास ठेवला. दगड धप्पकन पडला. मजुरांची पावलं धावत वर गेली. त्यांच्या मागोमाग मोजणीदाराची, बोलणंसुद्धा विसरलेली. मास्तर कान देऊन ऐकत राहिले. एक, दोन, तीन, चार आणि पाच. पाचही जण गेले. पावलं दूर गेली, मग विरली.

आता आपणही निघावं, म्हणून मास्तरांनी खोडावरचा तळवा उचलला.

अलीकडच्या बाजूला कोणीच उरलं नव्हतं. टेप मात्र खाली पडली नाही. ती खोडावर तशीच ताठ राहिली, आणि कोणीतरी बोट फिरवत आकडा शोधावा, तशी अगदी हलकेच थरथरू लागली.